हलत्या चित्रांचा कागद

२०११च्या जनगणनेत अविभक्त ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांवर गेली होती. त्याच वर्षी अख्ख्या पोर्तुगालची लोकसंख्या होती साधारण १ कोटी ५ लाख. ही तुलना मी मुद्दाम करते आहे, कारण अ‍ॅनिमेशनच्या इतिहासाचा अभ्यास करताना या दोन प्रदेशांतला फरक सतत टोचत राहतो. पोर्तुगालमध्ये अ‍ॅनिमेशनपटांचा कधी पूर आला नाही. १९२३ साली लिस्बनमध्ये झ्वाकिं गरैरू यांचा पहिला चित्रपट पडद्यावर आला. तत्कालीन राजकारणी अंतोनियु मारिया द सिल्वा यांच्या दुःस्वप्नावरचे ते व्यंग होते. त्यानंतरची कित्येक दशके तिथले हे काम मुख्यतः जाहिरातींवर तगले. तरीही आज या विषयाला तिथे स्वतःचे वाङ्मय आहे. एस्पिन्यो या किनाऱ्यावरच्या छोट्या गावात १९७६ पासून ‘सिनानिमा’ महोत्सव भरतो. त्याची धुरा वाहिलेल्या अंतोनियु गायू यांनी २००१ साली पोर्तुगीज अ‍ॅनिमेशनचा इतिहास पोर्तुगीजमध्येच ग्रंथरूपाने मांडला. २०१२ पासून तिथली एक तंत्रशिक्षण संस्था इलस्ट्रेशन आणि अ‍ॅनिमेशनवर ‘कॉन्फिया’ ही परिषद भरवते आणि तिचे निबंध छापते. १९२३चा तो चित्रपट तर हरवलाच होता; उरलेल्या मूळ रेखाटनांवरून तो पुन्हा उभा करण्यात आला.

हरवलेला चित्रपट कागदावरून परत मिळू शकतो, या एका गोष्टीवर माझा सगळा युक्तिवाद उभा आहे. साध्या चित्रपटाची फिल्म गेली की बहुतेक सगळेच जाते. हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनचे तसे नसते. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटींना वापरले तरी सेकंदाला १२ चित्रे लागतात, म्हणजे दहा मिनिटांच्या पटाला ७,२०० चित्रे. शिवाय कोणते चित्र कितव्या चौकटीला, कॅमेरा कुठे सरकणार, ओठ कोणत्या अक्षराला उघडणार, हे सारे एक्सपोजर शीटवर लिहिलेले असते. चित्रांचा गठ्ठा आणि ती शीट हाती असेल, तर फिल्म नसतानाही हालचालीचा वेग आणि लय वाचता येते. एका हालचालीची मुख्य चित्रे कुणी काढली, मधली इन-बिटवीन कुणी भरली, हेही हस्ताक्षरासारखे ओळखू येते.

आपल्याकडे मात्र हा इतिहास नावे आणि सालांच्या यादीपुरता राहिला आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१५च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ केली. तिची प्रत आज उपलब्ध नाही. प्रभातचा ‘जंबूकाका’ १९३४चा. १९३९ साली ‘सुपरमॅन्स मिथ’ करणारे जी. के. गोखले पुढे फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात दिसतात. हा विभाग १९५६ साली डिस्नेच्या क्लेअर वीक्स यांच्या मार्गदर्शनाखाली आकाराला आला. अ‍ॅनिमेटर राम मोहन तिथेच घडले आणि १९५७ साली ‘बनियन डिअर’ तयार झाला. या विभागात मराठी आडनावांची कमी नव्हती. प्रत्येक आढाव्यात हीच पाच-सहा स्थळे येतात आणि त्यांच्यामधला रस्ता कोराच राहतो. तो रस्ता मुख्यतः शाई भरणाऱ्यांनी, सेल म्हणजे चित्रांचे पारदर्शक पत्रे रंगवणाऱ्यांनी, ती चित्रे वरून टिपणाऱ्या रोस्ट्रम कॅमेऱ्यावर रात्री काढणाऱ्यांनी बांधला. शेकडो लोकांचे हे काम पटाच्या शेवटी येणाऱ्या नामावलीत फार थोडे मावते.

म्हणून हा इतिहास कागद जपून, शोधनिबंधांतून आणि मराठीतच लिहिला जावा, असे माझे म्हणणे आहे. यावर पहिला आक्षेप असा, की मराठी अ‍ॅनिमेशनच इतके थोडे आहे की त्यावर शोधनिबंध कसले लिहायचे. पोर्तुगालच्या उदाहरणाने याचे उत्तर मिळतेच. पण खरी चूक मोजण्यात आहे. आपण फक्त मराठी बोलणारे पट मोजतो. जाहिराती, कुटुंबनियोजनाचे बोधपट, हिंदी चित्रपटांची श्रेयनामे, परदेशी मालिकांसाठी इथे बसून केलेले काम, हे सगळे धरले तर सामग्री थोडी उरत नाही. ‘एक अनेक और एकता’ हा हिंदी अ‍ॅनिमेशन लघुपट १९७४चा. तो भीमसेन यांच्या चित्रांमुळे आठवतो. त्यामागे उभ्या असलेल्या विजया मुळे मुंबईत वाढलेल्या मराठी बाई होत्या, हे किती वाचकांना ठाऊक असते?

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. संशोधन इंग्रजीत छापले तरच ते जगात पोहोचते आणि बढतीला उपयोगी पडते. हे खोटे नाही. स्वतः विजया मुळे यांनी परदेशी चित्रपटांतल्या भारताच्या प्रतिमांवरचा आपला ग्रंथ इंग्रजीतच लिहिला, आणि तो उत्तम आहे. पोर्तुगीज अभ्यासकही इंग्रजीत लिहितात. पण आधी मूळ माणसाच्या भाषेत टिपण होते, मग त्यातून इंग्रजी निबंध निघतो. चाळीस वर्षे सेल रंगवलेल्या कारागिराला ‘रंग कुठे फुटायचा, पावसाळ्यात सेल का चिकटायच्या’ हे मराठीत विचारले तरच खरे उत्तर मिळते. ते उत्तर मराठीत छापले, तर त्याचा सहकारी वाचून चुका दुरुस्त करू शकतो. इंग्रजी नियतकालिकात ही तपासणी होत नाही. तिथल्या परीक्षकांनी ते काम केलेले नसते.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीचा प्रश्न इथे येतो. मुंबईच्या स्टुडिओंत काम करणारे कितीतरी लोक मध्य रेल्वेने रोज घरी याच पट्ट्यात परतत आले. स्टेशनाजवळच्या अ‍ॅनिमेशनच्या क्लासांच्या पाट्याही इथे जुन्या झाल्या. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे. २०१० साली ठाण्याने आणि २०१७ साली डोंबिवलीने साहित्य संमेलन भरवले. ज्या शहरांना हे जमते, त्यांना अशा मराठी टिपणांचा वर्षातून एक छापील अंक आणि कागद ठेवायला एक कोरडे कपाट जड नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे, पण घराच्या माळ्यावरचा गठ्ठा तिथपर्यंत आपोआप जाणार नाही. डिजिटल कामाची स्थिती तर जास्त नाजूक आहे: जुन्या सॉफ्टवेअरमधल्या फायली आजच्या संगणकावर उघडतीलच असे नाही, आणि कागदासारखे त्यांना नुसत्या डोळ्यांनी वाचताही येत नाही.

म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. तुमच्या घरात, शेजारी, नात्यात कुणी या धंद्यात राहिले असेल, तर या दिवाळीच्या साफसफाईत त्यांची रेखाटने, सेल आणि एक्सपोजर शीट रद्दीवाल्याला देऊ नका. प्रत्येक गठ्ठ्यावर नाव, पटाचे नाव आणि साल पेन्सिलीने लिहा, आणि जवळच्या ग्रंथालयाच्या कार्यवाहांना ते ठेवून घ्याल का, असे विचारा.