मनीषनगर आणि स्मृतीच्या दोन वाटा

नागपुरास येणारा प्रवासी सीताबर्डीचा किल्ला पाहतो, अंबाझरीच्या कांठीं एक संध्याकाळ घालवितो, आणि सवड असली तर रामटेकास जाऊन येतो. मनीषनगर पाहण्यासाठीं मुद्दाम कोणी नागपुरास येत नाहीं. शहराच्या दक्षिणेस, वर्धा रस्ता व लोहमार्ग ओलांडून पलीकडे वसलेली ही मध्यमवर्गीयांची वस्ती आहे. परंतु 'मनीष' या नांवाच्या मुळाशीं संस्कृतांतील 'मनीषा' हा शब्द आहे, आणि मनीषा म्हणजे बुद्धि. ज्याचें आयुष्य शाळेंत मुलांच्या बुद्धीची मशागत करण्यांत गेलें, त्यास या वस्तींत पाहण्यासारखें कांहीं सांपडावें, हें त्या नांवास साजेसेंच म्हणावयाचें.

सीताबर्डीहून खापरीकडे जाणाऱ्या मेट्रोनें निघावें आणि उज्ज्वलनगर स्टेशनावर उतरावें. हें स्टेशन ज्या बांधकामावर उभें आहे, तें प्रथम नीट पाहून घ्यावें. खालीं जुना वर्धा रस्ता, त्याच्यावर मोटारींचा उड्डाणपूल, आणि त्याच्याहि वर मेट्रोचा मार्ग, अशी ही तीन थरांची वाहतूक आहे. ३.१४ किलोमीटर लांबीच्या या बांधकामाची नोंद २०२२ सालीं गिनेस बुकांत झाली. मनीषनगरांत शिरण्यासाठीं पूर्वीं रेल्वेचें फाटक ओलांडावें लागे. फाटक पडलें कीं मोटार, सायकल, भाजीची हातगाडी आणि शाळेची रिक्षा, सर्व एकाच रांगेंत तिष्ठत राहत. नोव्हेंबर २०२० मध्यें उड्डाणपुलाबरोबरच लोहमार्गावरील पूलहि खुला झाला. फाटक आणि पूल यांतील हा भेद वाचकांनीं लक्षांत ठेवावा. पुढें तो उपयोगीं पडणार आहे.

मनीषनगरांत माझ्या कन्येचें बिऱ्हाड आहे. सासू-सासरे, थोरले दीर, जाऊ आणि चार मुलें असें भरलें घर. समोरासमोरचे दोन फ्लॅट, पण चूल एक. कांहीं दिवस तेथें राहण्याचा योग आला, तेव्हां घरांत एक वाद चालला होता. माझा नातू आठवींत आहे. रक्ताभिसरणाचा धडा त्यानें मोबाईलवर तीन वेळां पाहिला, तरी चांचणींत हृदयाच्या कोणत्या बाजूस कोणतें रक्त येतें, हें त्यास सांगतां आलें नाहीं. जांवई म्हणत, वार्षिक वर्गणी भरून याहून चांगले पाठ घ्यावे. विहीणबाई म्हणत, "तें डबडें बंद करा आणि पोराला पुस्तक घेऊन घोकायला बसवा." मुलगा मात्र गॅलरींत मजजवळ येऊन हळूच म्हणाला, "आजोबा, माझ्या डोक्यांत कांहीं राहतच नाहीं. मी मठ्ठच आहे." वर्गणीचा प्रश्न घरचीं माणसें केव्हांहि सोडवूं शकतात, पण तेराव्या वर्षीं मुलानें स्वतःविषयीं असा निकाल देऊन मोकळें व्हावें, ही गोष्ट मला फार गंभीर वाटली.

मीं तो पाठ त्याच्या शेजारीं बसून पाहिला. हृदयाचें चित्र सुंदर, रंगीत आणि हलतें होतें. मागें वाद्यें वाजत होतीं. एक आवाज घाईघाईनें वर्णन करीत होता, आणि तेंच वर्णन अक्षरशः खालीं लिहूनहि येत होतें. कोपऱ्यांत एक बाहुला उड्या मारीत होता. मुलाचे डोळे खालच्या ओळीवर असत, तोंवर वरचें रक्त पुढें निघून जाई. तो चित्राकडे वळे, तोंवर ओळ बदलून जाई.

असें कां व्हावें, याचा विचार मानसशास्त्रज्ञांनीं पुष्कळ केला आहे. कॅनडांतील ॲलन पायव्हिओ यांनीं १९७१ सालीं असें मांडलें कीं, शब्द आणि चित्र हीं मनांत दोन निरनिराळ्या रूपांनीं साठविलीं जातात. एकच गोष्ट दोन्ही रूपांनीं साठविली, तर तिच्याकडे परत जाण्यास दोन वाटा मिळतात. कॅलिफोर्नियांत सांता बार्बरा येथील प्राध्यापक रिचर्ड मेयर यांनीं याच दिशेनें प्रयोग केले, आणि २००१ सालीं त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांच्या विवेचनाचें सार असें: डोळा आणि कान हे ज्ञानाचे दोन मार्ग असून प्रत्येकांतून एका वेळीं थोडेंच जाऊं शकतें. चित्र डोळ्यास आणि त्याचें वर्णन कानास दिलें, तर दोघेहि आपापलें ओझें वाहतात. परंतु तेंच वर्णन पुन्हा लिहून दाखविलें, तर चित्र आणि अक्षरें दोन्हीं डोळ्याच्याच दाराशीं येऊन अडतात. मनीषनगरच्या जुन्या फाटकापुढील ती हीच रांग! पूल झाल्यानें गाड्या कमी झाल्या नाहींत. त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

मेयर यांचे आणखी कांहीं नियम कोणत्याहि गृहस्थास पाळतां येण्यासारखे आहेत. विषयास न लागणारें संगीत आणि नटवेपणा गाळावा. नांवें दूर यादींत न देतां ज्या त्या भागावरच लिहावीं. शब्द आणि त्याचें चित्र एकाच क्षणीं समोर यावें. पाठाचे लहान तुकडे पाडावे, आणि पुढें केव्हां जावयाचें हें शिकणारानें ठरवावें. मुख्य नांवांची ओळख मात्र पाठापूर्वींच करून द्यावी.

हें वाचतांना वेदपाठशाळांची आठवण होणें साहजिक आहे. २००३ सालीं युनेस्कोनें वैदिक पठणाच्या परंपरेस मानवजातीचा अमूल्य मौखिक वारसा म्हणून गौरविलें. या परंपरेंत संहितेनंतर पदें सुटीं करितात. क्रमपाठांत पहिलें-दुसरें, दुसरें-तिसरें अशा जोड्या म्हणतात. जटेंत पहिलें-दुसरें, दुसरें-पहिलें, पुन्हा पहिलें-दुसरें. आणि घनांत तिसऱ्या पदासहि घेऊन असेंच उलटसुलट. मजकूर तोच, पण दर वेळीं तो नव्या क्रमानें मनांतून काढावा लागतो. माध्यंदिन शाखेचे वैदिक स्वर उच्चारतांना त्याच क्षणीं हात हलवून तो दाखवितात. कान स्वर ऐकतो, डोळा हात पाहतो, आणि दोहोंत अनावश्यक असें कांहींच नसतें. तथापि ही रीति शब्द व स्वर राखण्यासाठीं आहे. अर्थासाठीं वेगळे श्रम लागतात. निरुक्तकार यास्कानेंच अर्थ न जाणतां पाठ करणाऱ्यास ओझें वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली आहे. विहीणबाईंच्या घोकंपट्टीस याहून जुनें आणि अधिकारी उत्तर कोठून आणावें?

दुसऱ्या दिवशीं मोबाईल कपाटांत गेला आणि पाटी बाहेर आली. प्रथम नांवें. पुस्तकांत हृदयाच्या वरच्या कप्प्यांस 'अलिंद' व खालच्या कप्प्यांस 'निलय' म्हटलें आहे. मुलास हे नुसते ध्वनि वाटत होते. संस्कृतांत अलिंद म्हणजे दारापुढील ओटी, आणि निलय म्हणजे राहण्याचें घर. परंतु फ्लॅटांत जन्मलेल्या मुलास ओटी तरी कोठून ठाऊक असणार? विहीणबाईंनीं आपल्या माहेरच्या वाड्याची ओटी त्यास वर्णन करून सांगितली, आणि तेव्हांपासून त्या आमच्या पक्षास मिळाल्या. "पाहुणा आधीं कोठें टेकतो?" "ओटीवर." "मग?" "आंत." रक्त आधीं अलिंदांत आणि मग निलयांत कां जातें, हें त्यानें पुन्हा विचारलें नाहीं.

मग मी खडूनें एकेक रेघ काढीत बोलत गेलों. वाक्य एकहि लिहिलें नाहीं. नांवें मात्र त्या त्या कप्प्यांतच लिहिलीं. प्रत्येक टप्प्यानंतर "पुढें" म्हणण्याचा अधिकार त्याचा. पहिल्याच टप्प्यास तो थांबला. "आजोबा, तुम्ही उजवें अलिंद डावीकडे कां काढलें?" खरी अडचण येथें होती. चित्रांतील हृदय आपल्याकडे तोंड करून असतें, म्हणून त्याची उजवी बाजू ती पाहणाऱ्याची डावी. मोबाईलवरचा पाठ वाहत्या पाण्यासारखा पुढें जात होता, आणि एवढी साधी शंका मनांत धरून मुलगा तीन वेळां कोरडाच राहिला होता.

क्रम पक्का करण्यासाठीं आम्ही मनीषनगरच्याच रस्त्यांचा उपयोग केला. ठिकाणांशीं गोष्टी जोडून त्या लक्षांत ठेवण्याची युक्ति फार जुनी आहे. ग्रीक कवि सिमोनिडीझ याच्या नांवावर ती सिसेरोनें सांगितली आहे. संध्याकाळच्या फेरीस निघतांना घराचें दार म्हणजे शरीर ठरलें. कोपऱ्यावरचें औषधांचें दुकान उजवें अलिंद, शेजारचा किराणा उजवें निलय, झाडांची मोकळी बाग म्हणजे फुप्फुसें, मारुतीचें देऊळ डावें अलिंद, आणि रेल्वेच्या पुलाचा चढ म्हणजे डावें निलय. चढावर दम लागला, तेव्हां तो आपणच म्हणाला, "सगळ्या शरीराला रक्त ढकलायचं, म्हणून याची भिंत सर्वांत जाड!" परतीचा रुंद रस्ता अर्थातच महाधमनी झाला.

परंतु पाहणें आणि फिरणें येथेंच काम संपत नाहीं. २००६ सालीं अमेरिकेंत रोडिगर व कार्पिकी यांनीं केलेल्या प्रयोगांत असें दिसलें कीं, उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पांच मिनिटांनीं सरस ठरले. पण आठवड्यानंतर, पुस्तक मिटून आठविण्याचा अभ्यास केलेल्यांनीं त्यांस मागें टाकलें. आपल्या घरांतून दिवेलागणीस होणारा परवचा म्हणजे असेंच रोजचें आठविणें होतें. नातवानें दुसऱ्या दिवशीं, चौथ्या दिवशीं आणि आठवड्यानें कोऱ्या पाटीवर हृदय काढून आजीस समजावून सांगितलें. दुसऱ्या दिवशीं दोन जागीं अडला. आठवड्यानें कोठेंहि नाहीं. "मी मठ्ठ" हे शब्द मला पुन्हा ऐकूं आले नाहींत.

दोन गोष्टींचें भान ठेवावें. बारावींत शास्त्र शिकणाऱ्या त्याच्या चुलत बहिणीस हाच पाठ कंटाळवाणा झाला. ज्यास विषय आधींच अवगत आहे, त्यास इतका आधार उलट अडथळा होतो. तसेंच पाठ इंग्रजींत असून मुलाची ती भाषा कच्ची असेल, किंवा त्यास कमी ऐकूं येत असेल, तर खालचे लिहिलेले शब्द त्यास आवश्यकच असतात. नियम मुलाकडे पाहून लावावा.

वर्गणी भरावी कीं नाहीं, हें ज्यानें त्यानें आपल्या ऐपतीप्रमाणें ठरवावें. पाठ मोबाईलवरचा असो वा पाटीवरचा, तो मध्येंच थांबवितां यावा, आणि थांबल्यावर शंका ऐकून घेण्यास कोणी तरी जवळ असावें. भरल्या घरांत असें माणूस बहुधा असतेंच. सायंकाळीं अर्धा तास मुलाजवळ बसून "आतां पुस्तक मीट आणि मला सांग" एवढें म्हणण्यास शास्त्राची पदवी लागत नाहीं. तें आजीहि करूं शकते, आणि तिला उत्तर ठाऊक नसेल तर मुलगा अधिकच नीट समजावून सांगतो.