सामानाच्या बाजूने

फोटो कॅमेरा काढत नाही, नजर काढते, हे वाक्य मी पुण्यात असताना इतक्या जणांना ऐकवलंय, की काहींना ते माझंच वाटतं. रविवारी सिंहगडावर गळ्यात दोन बॉड्या आणि पाठीवर लेन्सांनी फुगलेली सॅक घेऊन चढणाऱ्यांची मी मनापासून टिंगल करायचे. माझ्याकडे एक बॉडी, पन्नास मिलिमीटरची एक लेन्स आणि खांद्याला कापडी पिशवी. बाकी सगळी पैसेवाल्यांची हौस, असं माझं ठाम मत होतं. आणि हे मत बाळगण्यात एक सोय होती. काही विकत घ्यावं लागत नाही आणि वर आपण इतरांपेक्षा चार बोटं उंच आहोत असंही वाटत राहतं.

आज मी त्या मताची नाही. उलट अगदी दुसऱ्या टोकाला जाऊन बसले आहे. हवाबंद डबा, आर्द्रता दाखवणारं घड्याळ, हवेचा फुगा, जादा कार्डं, दोन हार्ड डिस्क, हातात धरायचा छोटा दिवा असं जे कंटाळवाणं सामान कॅमेऱ्याभोवती जमतं, तो फोटोग्राफीचा निम्म्याहून मोठा भाग आहे असं मला आता वाटतं. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तमिळनाडूत कुंभकोणमला आलो आणि इथेच रुळलो. मत बदललं ते या गावामुळे.

गावाच्या उत्तरेला कावेरी, दक्षिणेला अरसलार. पाऊस आपल्याकडचा परतल्यावर इकडे सुरू होतो, ऑक्टोबर ते डिसेंबर. पुण्याची कोरडी हवा निष्काळजीपणा खपवून घेते. तिथे कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये घालून कपाटात वर्षभर टाकला तरी बहुधा काही होत नाही. इथल्या कपाटात ठेवलेल्या चपलेवरसुद्धा हिरवी लव येते. कोकणातल्या वाचकांना हे सांगायला नको.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक जुना स्टुडिओ आहे. मालकांना सगळे अण्णा म्हणतात, मीही म्हणते. पासपोर्ट फोटो आणि लग्नं हा त्यांचा धंदा, पण दुपारी ते गिऱ्हाइकांच्या लेन्स उघडून बसतात. एकदा त्यांनी एक लेन्स माझ्या हातात दिली, मागून टॉर्च लावला आणि म्हणाले, “अक्का, आरपार बघा.” समोरून स्वच्छ दिसणाऱ्या काचेच्या आत, कडेपासून मध्याकडे, पांढरे बारीक धागे पसरले होते. बुरशी. हवेतली आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली आणि लेन्स अंधारात बंद असली, की आत आधीपासूनच असलेले बीजाणू रुजतात. काचेवरच्या धुळीवर, बोटांच्या तेलकटपणावर त्यांचं भागतं. अण्णांनी दोन टोकांच्या पान्याने कडं फिरवलं, काच चिमट्याने उचलली, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनियाच्या मिश्रणात बुडवलेला कापसाचा बोळा मधून कडेकडे फिरवला. धागे गेले. मग त्यांनी ती काच खिडकीच्या उजेडात तिरपी केली. धाग्यांच्या जागी त्याच आकाराचे फिकट ओरखडे होते. बुरशी आम्ल सोडते आणि ते काचेवरचा लेप खाऊन टाकतं. तो परत येत नाही. त्या लेन्सने दिव्यासमोर फोटो काढला की धुकं येणार ते येणारच. लेन्सच्या मालकाच्या नजरेत काहीही खोट नव्हती.

तेव्हापासून मी डब्याच्या बाजूची झाले. विजेवर चालणारं कोरडं कपाट चांगलंच, पण महाग. मी पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या या गावात झाकणाला रबर असलेला प्लॅस्टिकचा डबा घेतला, तेव्हा दुकानदाराला जरा वाईटच वाटलं. आत सिलिका जेलच्या पुरचुंड्या आणि आर्द्रतामापक. काटा चाळीस ते पन्नासच्या मध्ये हवा. तिसाच्या खाली नेण्यातही शहाणपण नाही, लेन्सच्या आतलं वंगण आणि रबर सुकतं. निळं जेल ओल पिऊन गुलाबी झालं की जुन्या कढईत मंद आचेवर परतायचं, पुन्हा निळं होतं. ती कढई मात्र परत स्वयंपाकात वापरायची नाही. निळा रंग कोबाल्ट क्लोराइडचा असतो आणि ते विषारी आहे. पावसाळ्यात माझ्याकडे हे परतणं पापड वाळवण्याइतकं नेमाने चालतं.

पण डबा हा नुसता सांभाळण्याचा भाग झाला. नजरेबद्दलचा माझा गर्व उतरला तो दारासुरमला.

दारासुरमचं ऐरावतेश्वराचं मंदिर कुंभकोणमला लागूनच आहे. दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकात बांधलेलं. तंजावरच्या बृहदीश्वराला 1987 मध्ये मिळालेला जागतिक वारशाचा दर्जा 2004 मध्ये इथपर्यंत वाढवला गेला. पाहुणे दगडी रथाची चाकं आणि घोडे बघतात, एकाच डोक्यात बैल आणि हत्ती दोन्ही दाखवणारं शिल्प शोधतात आणि परततात. गाभाऱ्याच्या बाहेर, जोत्यालगत, बसकणीच्या उंचीवर, नायनारांच्या म्हणजे शिवभक्तांच्या कथांच्या छोट्या चौकटी आहेत. त्यांच्यासमोरून मी किती वेळा गेले असेन. दुपारच्या उजेडात दगड सपाट दिसतो, झिजलेल्या आकृत्या एकमेकींत मिसळतात. मी ‘नजरेने’ पाहिलं होतं आणि मला वाटलं होतं, इथे फारसं काही उरलेलं नाही.

अण्णांचा मुलगा सोबत होता. त्याने तळहातात मावणारा एलईडी दिवा भिंतीला जवळजवळ चिकटवून, एका बाजूने धरला. उजेड दगडावरून घासत गेला आणि चौकट उठून आली. एका माणसाचा वाकलेला गुडघा, मुडपलेलं बोट, वस्त्राची चुणी, मागे झाडाची पानं. दिवा दुसऱ्या बाजूला नेला तर मघाशी न दिसलेला चेहरा दिसला. कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा फ्लॅश नेमकं उलटं करतो, समोरून उजेड मारून सगळी सावली पुसून टाकतो. म्हणजे ज्याला मी हौस म्हणत होते ते सामान फोटो ‘चांगला’ करण्यासाठी नव्हतं. ते नसताना बघण्यासारखं काही आहे हेच मला कळत नव्हतं. नजर आधी आणि सामान नंतर, हा माझा क्रम तिथे मोडला.

पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत ट्रायपॉडला आधी परवानगी काढावी लागते. म्हणून मी मूठ-दोन मूठ तांदूळ भरलेली कापडी थैली फरसबंदीवर ठेवते आणि त्यावर कॅमेरा. चौकटी खालीच असल्याने काम भागतं. ही थैली माझ्या सगळ्या सामानात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कामाची.

आणि सामानाचं हे ओझं काही आजचं नाही. लिनिअस ट्राइप हा मद्रास सरकारचा छायाचित्रकार 1858 मध्ये या भागातून फिरला, तो बैलगाड्यांवर सामान लादून. उष्णतेत टिकावेत म्हणून त्याने बहुतेक ठिकाणी मेण लावलेले कागदी निगेटिव्ह वापरले. ते आधी तयार करून ठेवता येत. तंजावरच्या बृहदीश्वराच्या जोत्यावरचे शिलालेख त्याने एकापुढे एक टिपले आणि एकवीस छाप जोडून सुमारे एकोणीस फूट लांबीचं एक सलग चित्र केलं. त्याच देवळाच्या आवारात सर्फोजीराजांनी 1803 मध्ये कोरवलेला भोसले घराण्याच्या इतिहासाचा मराठी शिलालेख आहे. तो वाचायला गेलेल्या कुणालाही उजेडाची तिरीप म्हणजे काय ते विचारा. ट्राइपचं खातं पुढे मद्रासचे गव्हर्नर चार्ल्स ट्रेव्हेल्यन यांनी खर्चिक चैन म्हणून बंद करून टाकलं. हे वाचलं तेव्हा मला जरा खजील व्हायला झालं, कारण इतकी वर्षं मी ट्रेव्हेल्यनच्याच पक्षात होते.

बाकी लहानसहान गोष्टींवर फार लिहीत नाही. चेन्नईहून एसी डब्यातून उतरलात तर कॅमेरा लगेच बाहेर काढू नका. थंड काचेवर इथली दमट हवा क्षणात दव धरते, अर्धा तास बंद पिशवीतच राहू द्या. सेन्सरवरची धूळ फुग्याने उडवा, तोंडाने फुंकू नका. बॅटरी महिनोनमहिने ठेवायची असेल तर अर्धी भरलेली ठेवा. झालं.

खरा पेच साठवणुकीचा आहे, आणि तो कुंभकोणममध्ये जितका स्पष्ट दिसतो तितका दुसरीकडे क्वचितच दिसेल. इथे काळ बारा-बारा वर्षांनी मोजतात. गुरू सिंह राशीत आला की माशी या तमिळ महिन्यात महामहमचा उत्सव भरतो आणि गोविंद दीक्षितांनी सोळा मंडप उभारलेल्या त्या तळ्यात लाखो माणसं उतरतात. 18 फेब्रुवारी 1992 चा महामहम, ज्यात चेंगराचेंगरी होऊन अनेकांचे जीव गेले, अण्णांच्या वडिलांनी फिल्मवर टिपला. 6 मार्च 2004 चा अण्णांनी डिजिटलवर काढला. सहा मेगापिक्सेलचे कॅमेरे तेव्हा नुकतेच आवाक्यात आले होते. 22 फेब्रुवारी 2016 चा त्यांच्या मुलाने, अर्धा कॅमेऱ्याने आणि अर्धा फोनवर. पुढचा 2028 मध्ये.

आता बघा काय उरलंय. 1992 चे निगेटिव्ह कागदी पाकिटांत आहेत, काहींवर डाग आहेत, पण खिडकीशी धरले की माणसं दिसतात. 2004 चे फोटो सीडींवर आहेत. अशा घरी लिहिलेल्या सीडीत माहिती असते ती रंगद्रव्याच्या थरात, तो थर उष्णतेने आणि उजेडाने फिका पडतो. चकाकणारा थर तर नावाच्या बाजूला अगदी वरवर असतो आणि अण्णांनी त्यावर बॉलपेनने दाबून तारखा लिहिल्या आहेत. 2016 चे फोटो एका हार्ड डिस्कवर, एका फोनवर आणि कुणा पाहुण्याच्या लॅपटॉपवर विखुरलेत. सर्वांत जुनं सर्वांत नीट टिकलंय. यात डिजिटलचा दोष काढून मोकळं होता येत नाही. निगेटिव्ह दुर्लक्ष सोसतो, फाइल सोसत नाही. तिची दर काही वर्षांनी नव्या जागी नक्कल करावी लागते, आणि एक नक्कल घराबाहेर, वेगळ्या छपराखाली ठेवावी लागते. म्हणून दोन हार्ड डिस्क. पूर्वी मी याला कारकुनी म्हणत असे.

कुणी म्हणेल, हे सगळं फोनने संपवलं की. बरंचसं संपवलंही. 2010 मध्ये जगभरात बारा कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, 2023 मध्ये ऐंशी लाखसुद्धा नाही. रोजचे फोटो मीही फोननेच काढते आणि त्यात कमीपणा मानत नाही. पण डिसेंबर 2022 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने तमिळनाडूच्या देवळांत मोबाइल नेण्यावर बंदी घालायला सांगितलं, तेव्हापासून खिशात फोन आहे म्हणजे काम झालं असं इथे तरी धरून चालता येत नाही.

एक मत मात्र बदललेलं नाही. लेन्सांनी फुगलेल्या सॅकला मी आजही हसते. नवं मॉडेल आलं की जुनी बॉडी फुंकून टाकणाऱ्यांनाही. चांगल्या डीएसएलआरचं शटर दीड-दोन लाख वेळा उघडझाप करेल असं कंपन्याच सांगतात आणि हौशी माणूस त्याच्या पावपटीलाही पोचायच्या आत कॅमेरा विकतो. असा कॅमेरा विकत घ्यावा. वाचलेल्या पैशांत डबा, दिवा आणि डिस्क तिन्ही येतात, वर इथल्या डिग्री कॉफीलाही उरतात.

सध्या अण्णांकडे दुपारी 2004 च्या सीडी उतरवणं चाललंय. त्यांनी अडगळीतून एक जुना संगणक काढलाय, कारण नव्याला सीडीची फटच नाही. काही सीडी सुरळीत वाचल्या जातात, काही घरघर करत मध्येच अडकतात. मग ती काढायची, पुसायची, पुन्हा घालायची. डिस्कचा खर्च माझा, मेहनत त्यांची. भांडण एवढंच आहे, की त्यांना फक्त निवडक फोटो उतरवायचेत आणि मला सगळे हवेत, हललेले, अर्धवट, माणसांच्या पाठी आलेलेसुद्धा. ते म्हणतात, डिस्क भरेल. मी म्हणते, तिसरी घेऊ.