वायफाय कुठे गेलं?

आमच्या वाचनालयातल्या पुस्तकांच्या नोंदी एका छोट्या मिनी पीसीवर होतात. त्यावर डेबियन लिनक्स आहे. ११ वरून १२ वर अपग्रेड झालं, मशीन रीस्टार्ट झालं आणि वायफाय गायब! आसपासचं एकही नेटवर्क दिसेना, सेटिंग्जमध्ये वायफायचा पर्यायच उरला नव्हता. ‘कार्ड उडालं’, ‘डाँगल विकत आणा’, ‘सगळं फॉरमॅट मारा’ असे सल्ले लगेच सुरू झाले. ग्रंथपाल ताईंची काळजी वेगळीच होती : “दादा, पाचला देवघेव सुरू होते. तोवर होईल ना?”

पैसे खर्च करण्याआधी कार्ड जिवंत आहे का, हे बघणं गरजेचं होतं. टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ ही कमांड दिली. यादीत इंटेलचं ३१६५ वायरलेस कार्ड व्यवस्थित दिसलं. म्हणजे हार्डवेअर शाबूत होतं. मग ‘डीमेसेज’ने कर्नलच्या नोंदी काढल्या आणि त्यांत ‘आयडब्ल्यूएलवायफाय’ या ड्रायव्हरच्या ओळी शोधल्या. फर्मवेअरची फाइल लोड झाली नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलं होतं आणि पुढे कंसात उणे २. लिनक्समध्ये या आकड्याचा अर्थ एकच : मागितलेली फाइल डिस्कवर नाही.

अशा कार्डावर स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो. त्याला लागणारा प्रोग्राम, म्हणजेच फर्मवेअर, मशीन सुरू होताना ड्रायव्हर डिस्कवरून उचलून कार्डात भरतो. ती फाइल नसेल तर ड्रायव्हर माघार घेतो आणि वायफाय दिसतच नाही.

पण फाइल गेली कुठे? जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ मध्ये अशी फर्मवेअर पॅकेजेस ‘नॉन-फ्री’ विभागातून काढून ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ या नव्या विभागात ठेवली आहेत. पॅकेजेस कुठून घ्यायची, हे सांगणाऱ्या आमच्या ‘सोर्सेस डॉट लिस्ट’ फाइलमध्ये हा विभाग नव्हता. त्यामुळे आमच्या कार्डाच्या फर्मवेअरचं पॅकेज कुठल्याच यादीत सापडेना, ते कालबाह्य ठरलं आणि अपग्रेडनंतरच्या साफसफाईत उडालं.

आता पॅकेज आणायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटला वायफाय हवं. मी फोन यूएसबी केबलने जोडला आणि टेदरिंग चालू केलं. या जोडणीला वेगळं फर्मवेअर लागत नाही, त्यामुळे नेट लगेच मिळालं. सोर्सेसच्या ओळीत ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ लिहिलं, ‘ॲप्ट अपडेट’ केलं, ‘फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय’ बसवलं आणि ‘मॉडप्रोब’ने ड्रायव्हर काढून पुन्हा चढवला. नेटवर्कची यादी लगेच आली. देवघेव वेळेवर सुरू झाली. नवं काहीही विकत घ्यावं लागलं नाही.

शाळा-वाचनालयांतली अशी कितीतरी मशीन्स ‘बिघडली’ म्हणून कोपऱ्यात पडतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून एवढीच विनंती : अपग्रेडआधी त्या आवृत्तीच्या रिलीज नोट्स वाचा, फोनची डेटा केबल जवळ ठेवा आणि डाँगल आणायला निघण्यापूर्वी कर्नलच्या नोंदी जरूर बघा.