लक्ष्या खरंच हसवतो का?

लक्ष्मीकांत बेर्डे खरंच विनोदी नट होता का, हा प्रश्न मराठी घरात विचारायची सोय नाही. विचारणाऱ्याकडे लोक असं बघतात, जणू त्याने पुरणपोळीत पुरण कशाला घालतात असं विचारलंय. पण आपल्या मंडळात तो विचारला गेला. गणेशोत्सवात मुलांना कुठला सिनेमा दाखवायचा यावर बोलणं चाललं होतं. काकामंडळींनी नेहमीप्रमाणे 'अशी ही बनवाबनवी'चं नाव घेतलं. तेव्हा इंजिनिअरिंगला असलेली एक मुलगी मला म्हणाली, "काकू, तुम्ही नक्की लक्ष्याला हसता, की तुमच्या जुन्या दिवसांना?"

कुणीतरी "आजच्या पोरांना काय कळतंय" म्हणून विषय मिटवला. माझ्या मनातून मात्र तो जाईना, कारण प्रश्न रास्त आहे.

आपण लक्ष्याला किती बघितलं, जरा आठवा. 1983 साली 'टुरटुर' नाटकाने त्याचं नाव झालं, 1985 साली 'धूमधडाका' आला, 1988 साली 'बनवाबनवी'. मग एकट्या 1989 मध्ये 'थरथराट', 'हमाल दे धमाल', 'भुताचा भाऊ' आणि वर्ष सरता सरता हिंदीत 'मैंने प्यार किया'. पुढे कितीतरी वर्षं मराठी सिनेमा म्हणजे लक्ष्या असं समीकरणच होऊन बसलं. 16 डिसेंबर 2004 ला, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी तो गेला. त्यालाही आता वीस वर्षं उलटली, पण बिचाऱ्याला सुट्टी काही मिळालेली नाही. रविवारी दुपारी टीव्ही लावा, कुठल्या ना कुठल्या वाहिनीवर तो आहेच. फोनवर सकाळी त्याचा चेहरा, रात्री त्याचा चेहरा. आपल्या सुरतेची घारी चंदी पडव्याला जीव लावते. तीच रोज ताटात आली तर आपणच ताट बाजूला सारू.

त्यात आपलं सुरतकरांचं दुखणं निराळं. मी 1987 साली लग्न होऊन अमळनेरहून इथे आले. आमचे हे पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये होते. चाळीत खानदेशातली आठ-दहा घरं. मिलला सुट्टी असली की सगळे पैसे काढून रात्रीपुरता व्हीसीआर भाड्याने आणायचे. तीन कॅसेटी असायच्या: दोन हिंदी आणि एक लक्ष्याची. दिवसभर भाजीवाल्याशी, दुकानदाराशी मोडक्यातोडक्या गुजरातीत बोलून जीभ आंबलेली असायची. त्या रात्री कुणीतरी आपल्या घरात मोठ्या आवाजात, बिनधास्त मराठी बोलायचं. त्यात 'बनवाबनवी' तर भाड्याच्या खोलीसाठी वणवण करणाऱ्या चौघांची गोष्ट. खोली मिळवण्याची तऱ्हा आम्ही साऱ्यांनी भोगलेली होती. तेव्हा आम्ही पोट धरून हसायचो ते पडद्यावरच्या माणसाला की त्या रात्रीला, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

आणि उत्तर नुसतं "आठवणींना" असं असेल, तर ते आमच्याबरोबर संपेल. मग मुलांना जबरदस्तीने समोर बसवण्यात अर्थ नाही.

याचा निकाल लावायला लक्ष्याची सवय नसलेला प्रेक्षक हवा. तो माझ्या घरातच आहे. सूनबाई गोपीपुऱ्यातली, पक्की सुरती. मराठी समजतं, बोलते जपून. लक्ष्या तिला माहीत तो 'हम आपके हैं कौन'मधला, टफी कुत्र्याबरोबरचा लल्लू म्हणून. नातू सात वर्षांचा, त्याच्या बोलण्यात तीन भाषांची खिचडी. पावसाळ्यात मी दोघांना 'बनवाबनवी' आणि 'झपाटलेला' दाखवले, आणि पडद्याकडे कमी, त्यांच्याकडे जास्त बघत बसले.

आपल्याला तोंडपाठ असलेल्या संवादांना सूनबाई हसली नाही. आम्ही नवरा-बायको ते संवाद नटांच्या आधीच म्हणून टाकत होतो, ती आमच्याकडे बघत राहिली. धनंजय बायकोची ओळख करून देताना लिंगाचा घोळ घालतो, तिथे मात्र ती लगेच हसली. गुजरातीतही तीन लिंगं आहेत, गंमत तिला सांगावी लागली नाही. पण तो हशा अशोक सराफांचा. लक्ष्याची पळापळ, आरडाओरडा यांवर नातू खिदळला, ती नाही.

ती खरी हसली ती डोहाळेजेवणाला. लक्ष्या पार्वती होऊन, नटूनथटून बसलाय, भोवती बायकांचा मेळा, आणि त्याला बोलायला काही नाही. लाजही वाटतेय, बिंग फुटायची भीतीही आहे, आणि मला तर वाटतं, त्या कौतुकाने तो मनातून थोडा सुखावलाही आहे. एवढं सगळं त्या चेहऱ्यावर. सूनबाईचं सीमंत याच घरात झालेलं. ती डोळे पुसत म्हणाली, "मम्मी, आ तो खरेखर शरमाय छे!" हा तर खरोखर लाजतोय.

'झपाटलेला'तही तेच. रामदास पाध्ये यांचा तो बाहुला, दिलीप प्रभावळकरांचा आवाज, आणि बाहुला बोलतो हे लक्ष्याला कळलंय पण कुणी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. नातू आधी आईच्या मांडीत शिरला आणि मग तिथूनच हसायला लागला. लक्ष्या खरा घाबरला होता, म्हणून भीतीही खरी आणि हसूही खरं.

माझं उत्तर इथे मिळालं. लक्ष्याचा विनोद त्याच्या वाक्यांत फार नाही, तो त्याच्या ऐकण्यात आहे. समोरचा बोलतो आणि ह्याचा चेहरा फिरतो. आपण विनोद करतोय हे जणू त्याला ठाऊकच नाही. तो फक्त अडचणीत सापडलेला, भिडस्त, घाबरट माणूस असतो. अडचण खरी असेल तर तो भाषेच्या पलीकडच्या माणसालाही हसवतो. पण लक्ष्या विकला जातो हे कळल्यावर सिनेमावाल्यांनी अडचण लिहायचं सोडलं आणि नुसता घाबरलेला चेहरा ठेवला. घाबरायला कारणच नसेल तर घाबरणारा माणूस नुसता ओरडतो. असले सिनेमे खूप निघाले, आणि त्यांत तो हसवत नाही, हे आपण मोकळेपणाने म्हणावं. त्या मुलीचं तेवढं बरोबर आहे.

सूनबाईच्या माहेरीही असाच वाद आहे, तिथे तो जेठालालवरून. 'तारक मेहता' 2008 पासून त्यांच्या जेवणाच्या वेळी चालू आहे. दिलीप जोशींना हसायचं की नुसती सवय म्हणून लावायचं, यावर व्याह्यांचं आणि विहीणबाईंचं एकमत नाही. सुरतेनेच गुजरातीला ज्योतींद्र दवे दिले, 1901 सालचा जन्म. धनसुखलाल मेहतांबरोबर लिहिलेलं त्यांचं 'अमे बधां' 1936 साली आलं, जुन्या सुरतेच्या संसाराची गंमत सांगणारं. पुस्तकातल्या विनोदी माणसाचं नशीब बरं. तो कपाटात थांबतो, आपण हाक मारली की येतो. टीव्हीतला न बोलावता रोज येतो, आणि मग दोष त्याला लागतो.

आपलाही यात वाटा आहे. 1992 साली जब्बार पटेलांनी 'एक होता विदूषक' काढला, पटकथा पु. लं.ची. तमाशातला सोंगाड्या सिनेमाचा नट होतो, पुढे राजकारणाकडे ओढला जातो. राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. लक्ष्याने त्यात दाखवून दिलं की हसवणाऱ्या चेहऱ्यामागे केवढं काय मावतं. लोकांना मात्र नेहमीचाच लक्ष्या हवा होता. ज्याला आपण एवढं डोक्यावर घेतलं, त्याला दुसरं काही करायला जागाच ठेवली नाही.

तेव्हा मंडळाला माझी विनंती: गणपतीत 'बनवाबनवी' जरूर दाखवा. फक्त मोठ्यांनी संवाद आधी म्हणायचे नाहीत. मुलांना कुठे हसायचं ते त्यांचं त्यांना सापडू द्या. आणि एखाद्या संध्याकाळी मोठ्यांसाठी 'एक होता विदूषक' लावा.

आमच्याकडे त्या रात्री डोहाळेजेवणानंतर नातू झोपून गेला होता. सकाळी शाळेच्या बसची वाट बघताना त्याने मला विचारलं, "आजी, पार्वतीला बाळ कधी होणार?" प्रश्न चक्क मराठीत होता. मी सांगितलं, रविवारी पुढचं बघू.