गप्प बसलेला दयाळ

पुण्यात थंडी पडली की आमच्या कपाटातून दोन गोष्टी बाहेर निघतात: आईची शाल आणि माझी दुर्बीण. रविवारी पहाटे मी वेताळ टेकडी गाठतो. जुन्या दगडखाणीतल्या पाण्याकाठी शेपटी वरखाली करीत धोबी हिंडत असतो. खडकावर काळा-तांबूस थिरथिरा शेपूट थरथरवीत बसतो. दोघेही पाहुणे, हिमालयातून आणि त्यापलीकडच्या मुलखातून सप्टेंबर-ऑक्टोबरात यायचे, एप्रिलच्या सुमारास परतायचे. मुठीत मावेल एवढा जीव, पण प्रवास शेकडो कोसांचा!

गेल्या डिसेंबरात मी हे घरी रंगवून सांगत होतो. "आपला दयाळही दक्षिणेला गेलेला दिसतो," मी म्हणालो. उन्हाळ्यात मागच्या आंब्यावर पहाटे शीळ घालणारा तो काळा-पांढरा गवई! पावसाळा सरल्यापासून त्याचा सूर कानी आला नव्हता.

"अरे, जातोय कुठं?" खिडकीशी बसलेली आई म्हणाली, "रोज जास्वंदीखाली असतो. गात नाही, एवढंच."

पाहतो तो खरेच! पालापाचोळ्यात किडे टिपीत स्वारी उड्या मारीत होती.

सलीम अलींचे १९४१ साली प्रथम निघालेले पक्ष्यांचे पुस्तक काढले. दयाळ बारमाही इथलाच. त्याचे गाणे जोडीदारासाठी आणि हद्द राखण्यासाठी. दिवस मोठे होऊ लागले की कंठ फुटतो. कोकिळाचेही तेच. वसंतात तो 'येतो' असे मी २० वर्षे वर्गात सांगत आलो. तो बिचारा हिवाळाभर इथेच, बहुधा मुका. खरा जाणारा नवरंग. पावसाच्या तोंडाशी तो सह्याद्रीत येतो, पिले वाढवतो आणि हिवाळ्याला दक्षिणेत, थेट श्रीलंकेपर्यंत उतरतो.

"आई, तुला कसं ग ठाऊक?"

"दिवसभर दुसरं काय बघायचं?"

बोलण्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते लागले. गावचे घर बंद करून आई आमच्याकडे आली त्याला दोन वर्षे झाली होती. तिकडे पहाटे तिच्या ओव्या ऐकूनच आम्ही जागे होत असू. इथे तिने एकही म्हटली नव्हती. ती गप्प आहे म्हणजे सुखात आहे, असे मी धरून चाललो होतो.

त्यानंतर एकाआड एक रविवार दुर्बीण खिडकीशीच राहिली. आई बोट दाखवी, मी पाही.

मार्चमध्ये एका पहाटे आंब्यावर शीळ घुमली. आईला सांगायला मी धावलो आणि दाराशीच थबकलो. आत ती हलक्या आवाजात ओवी म्हणत होती.