पायाशी लिहिलेला आकडा

मी मराठीचा एम. ए. रसायनशास्त्राशी माझा संबंध मॅट्रिकबरोबरच संपला होता. परंतु तीसेक वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कुलात मी नवखा शिक्षक असताना विज्ञानाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि हेडमास्तरांनी दहावीचा तास माझ्या गळ्यात घातला. "पुस्तकात सगळे आहे, वाचून शिकवा," एवढेच ते म्हणाले.

धडा होता रासायनिक समीकरणांचा. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या संयोगाने पाणी होते, असे मी फळ्यावर मांडले. डावीकडे ऑक्सिजनचे अणू दोन, उजवीकडे पाण्यात एकच. दोन्ही बाजूंचे अणू सारखे हवेत, एवढे मला पुस्तकावरून कळले होते. मी पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनच्या पायाशी दोनाचा आकडा लिहून टाकला. 'एच टू ओ'चे 'एच टू ओ टू' झाले. हिशेब चोख जुळला. हात झटकून मी वर्गाकडे वळलो.

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. घरी कन्नड, शाळेत मराठी. आई सरकारी दवाखान्यात नर्स. अडखळत म्हणाली, "सर, ते पाणी नव्हे. गायक्के... म्हणजे जखमेला लावतात ते. फेस येतो बघा."

वर्ग हसला. मला राग आला. मी म्हणालो, "आधी धड मराठी बोलायला शीक, मग शिक्षकांच्या चुका काढ." ती खाली बसली.

रात्री बाईंच्या कपाटातले जुने पुस्तक उघडले आणि अंगाला घाम फुटला. मी लिहिले होते ते हायड्रोजन पेरॉक्साइड. ते पातळ करून जखम धुतात. त्यातून ऑक्सिजन सुटतो म्हणून फेस येतो. सूत्रातल्या पायाशी असलेल्या आकड्याला हात लावायचा नसतो, कारण तो बदलला की पदार्थच बदलतो. बदलायचा तो सूत्राच्या आधी लिहायचा आकडा, म्हणजे रेणूंची संख्या. हायड्रोजनचे दोन रेणू, ऑक्सिजनचा एक, पाण्याचे दोन. दोन्हीकडे हायड्रोजनचे अणू चार, ऑक्सिजनचे दोन. ४ ग्रॅम हायड्रोजन आणि ३२ ग्रॅम ऑक्सिजन मिळून ३६ ग्रॅम पाणी. लव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७८९ सालच्या आपल्या ग्रंथात हेच सांगितले : क्रियेपूर्वी जेवढे द्रव्य, क्रियेनंतरही तेवढेच.

दुसऱ्या दिवशी वर्गात शिरेपर्यंत मनाची चलबिचल चालली होती. गुपचूप फळा दुरुस्त करून पुढे जाता आले असते. पण त्या मुलीची मान खालीच होती. मी म्हणालो, "काल ही बरोबर होती, मी चूक होतो. आणि तिच्या भाषेवर बोललो, ती त्याहून मोठी चूक." मग तिच्या हाती खडू दिला आणि लोखंड गंजते त्याचे समीकरण घातले. कोरडा गंज धरला तर त्यात लोखंडाचे अणू दोन, ऑक्सिजनचे तीन.

ती म्हणाली, "सर, कन्नडमध्ये सांगू?"

"सांग."

"सरिदूगिसु," ती म्हणाली. शेजारच्या कन्नड शाळेत तिचा भाऊ होता. शब्द त्याच्या पुस्तकातला. 'सरि' म्हणजे सारखे, 'तूगु' म्हणजे तोलणे. तिने हातांचा तराजू करून दाखवला. ऑक्सिजन इकडे दोन-दोनांनी येतो, तिकडे तीन-तीनांनी. म्हणून दोन्हीकडे सहा करू. ऑक्सिजनचे रेणू तीन, गंजाचे दोन. मग लोखंडाचे अणू चार. निम्मे कन्नड, निम्मे मराठी. वर्गाला सगळे कळले. मलाही तेव्हाच नीट कळले. आमच्या 'संतुलन' शब्दातही तुला, म्हणजे तराजू, दडलेला आहे, हे मराठीच्या एम. ए.ला तोवर जाणवले नव्हते.

पुढे ती कुठे गेली, मला ठाऊक नाही. आता मी स्वतःच हेडमास्तर आहे. जूनमध्ये आईवडील मुलाला घेऊन येतात आणि संकोचून सांगतात, "सर, घरी कन्नड आहे, मराठी जरा मोडकी बोलतो." मी मुलाला समोर बसवून काहीतरी विचारतो. तो मध्येच अडतो, शब्द शोधतो, कधी दुसऱ्या भाषेतला उचलतो. आईवडील दुरुस्त करायला पुढे सरसावतात. मी त्यांना हाताने थांबवतो आणि त्याचे वाक्य पुरे होईपर्यंत वाट पाहतो.