प्रवाळावरची पावले

लक्षद्वीप हा अरबी समुद्रातला 36 बेटांचा समूह. सगळी जमीन मिळून जेमतेम 32 चौरस किलोमीटर भरते आणि वस्ती 10 बेटांवर आहे. परवान्याशिवाय तिथे जाता येत नाही. कोचीहून जहाजाने निघून कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय पाहून परतायचे, असा या सफरीचा रूढ क्रम आहे. मुक्काम जहाजावर, दिवस बेटावर.

जहाज बहुतेक वेळा बेटाला लागत नाही. बेटाभोवती प्रवाळभिंत असते आणि तिच्या आतले पाणी उथळ असते. म्हणून जहाज बाहेर खोल पाण्यात थांबते आणि प्रवासी त्याच्या बाजूच्या दारातून होडीत उतरतात. लाटेने होडी वर आली की त्याच क्षणी पाऊल टाकायचे. खलाशी दोन्ही दंड धरून माणसाला पलीकडे देतात.

भिंतीच्या आतल्या निवळशंख पाण्यात स्नॉर्केलिंग चालते. डोळ्यांवर मुखवटा, तोंडात श्वासाची नळी, अंगात लाइफ जॅकेट. पाण्यावर पालथे तरंगत खाली पाहिले की प्रवाळाच्या फांद्या आणि त्यांच्यातून सुळसुळणारे पट्टेरी मासे दिसतात. पोपटमासा प्रवाळ कुरतडतो तेव्हा त्याचा करकर आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो.

प्रवाळ हा प्राणी आहे. असंख्य चिमुकले जीव चुन्याचा सांगाडा रचत वसाहत वाढवतात. घुमटासारखे भरीव प्रवाळ वर्षाला साधारण एखादा सेंटीमीटर वाढतात, फांद्यांचे प्रवाळ त्याहून वेगाने. पाणी तापले की त्यांच्या पेशींतले शैवाल निघून जाते आणि ते पांढरे पडतात. लक्षद्वीपने हे 1998, 2010, 2016 आणि 2024 साली सोसले आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण प्रवाळांना आहे.

प्रस्तुत लेखक ज्या फेरीत होता, तिच्या आदल्या संध्याकाळच्या सूचनांमध्ये जेवणाच्या वेळा, ओळखपत्र, होडीचा क्रम सगळे होते. प्रवाळावर उभे राहू नये, हे नव्हते. दुसऱ्या दिवशी मुखवट्यात पाणी शिरताच एक गृहस्थ घाबरून जे पायाखाली आले त्यावर उभे राहिले. फांदी मोडली. सोबतचा बेटावरचा मुलगा ओरडला, ‘खडा मत रहो!’ त्याची भाषा मल्याळमच्या वळणाची जेसरी. हिंदी मोजके, त्यामुळे आवाज चढला. गृहस्थांना तो अपमान वाटला. किनाऱ्यावर येताच त्यांनी तक्रार केली आणि व्यवस्थापकाने त्या मुलाला सगळ्यांसमोर माफी मागायला लावली. मुलाने मान खाली घालून ती मागितली. मोडलेल्या फांदीचा विषय कोणी काढला नाही. त्याच्या बाजूने एकही प्रवासी बोलला नाही, लेखकही नाही. ज्याच्या बेटाला ही प्रवाळभिंत लाटांपासून राखते, त्यानेच ती तुडवणाऱ्याची क्षमा मागावी, हा अन्याय आजही सलतो. मुलाला बोल लावणाऱ्या व्यवस्थेने सूचना एक दिवस आधी दिली असती, तर ओरडायची वेळच आली नसती.

कल्पेनीच्या पूर्व किनाऱ्यावर 1847 च्या वादळाने फेकलेल्या प्रवाळखडकांचा लांबच लांब बांध आहे. समुद्र स्वतः एवढी मोडतोड करतो हे पाहून एका फांदीचा राग थोडा ओसरतो. पण वादळ काही दर आठवड्याला येत नाही. होड्या भरून माणसे येतात.

मिनिकॉय इतर बेटांहून वेगळे. इथली भाषा माहल, मालदीवच्या भाषेची सख्खी बहीण. लिपी उजवीकडून डावीकडे. 1885 चा दीपस्तंभ आजही उभा आहे. पुरुष गळाच्या काठ्यांनी कुपा मासा पकडतात. तो उकडून, धुरावून, वाळवून ‘मास’ तयार होते. गावाचा कारभार गावप्रमुख पाहतात आणि बायकांची वेगळी प्रमुख असते. पाहुण्यांचे स्वागत शहाळ्याने आणि गोडाने झाले. घराच्या उंबऱ्याबाहेर सगळ्यांनी आपणहून चपला काढल्या, त्या गृहस्थांनीही. ते तिथे अत्यंत अदबीने वागले. त्यामुळे दोष केवळ सूचनेच्या अभावाचा, असे वाटू लागते; तरीही मोठ्या माणसाला जिवंत गोष्ट पायाखाली घेऊ नये हे सांगावे लागावे का, हा प्रश्न उरतोच.

जाणाऱ्यांनी एवढे करावे. मुखवटा आणि नळीचा सराव आधी कमरेइतक्या पाण्यात, वाळूवर करावा. मुखवट्यात पाणी शिरले तर पाठीवर उलटावे. जॅकेट तरंगत ठेवते. शिंपले, प्रवाळाचे तुकडे उचलू नयेत. गावात अंगभर कपडे घालावेत आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नयेत. सोबतचा माणूस ओरडला, तर आधी पाय वर घ्यावा.